रॉकमधले तुमचे आवडते बेसवादक कोण? आणि त्यांच्यामुळे नेमकं काय बदललं?

मंद्र
आवडते गिटारवादक विचारले की दहा नावं पटापट येतात. बेसवादक विचारले की दोन-तीन नावांनंतर गाडी अडते. मी बारा वर्षं बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतेय, त्यामुळे हे मला खरंच लागतं. म्हणून हा धागा.

नुसती नावं नकोत मात्र. आवडायला कारण लागतंच असं नाही, पण प्रभाव म्हटला की दाखवता आला पाहिजे. हा माणूस येण्याआधी बेस कसा वाजत होता आणि तो येऊन गेल्यावर कसा वाजू लागला? एवढं सांगता आलं तर तो प्रभाव, असं मी धरते. बोटांचा वेग वगैरे नंतर.

माझं नाव पॉल मॅकार्टनी. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला आणि बेस अक्षरशः मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. त्याने हॅम्बर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर घेतला. तो डावखुरा, आणि त्या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून ते डावीकडे धरलं तरी बेढब दिसत नव्हतं. सुरुवातीची त्याची वाजवणी त्या काळातल्या इतर बॅंडसारखीच आहे: कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा) मूळ सूर धरायचा आणि ठेक्याबरोबर चालायचं.

पुढे तो मूळ सूर सोडायला लागला. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळी जादू तिथे आहे. गिटार सा-ग-प वाजवतेय असं समजा. बेसने सा धरला तर कॉर्ड पाय रोवून उभी राहते. बेसने ग धरला तर तेच तीन सूर अधांतरी होतात, पुढे कुठेतरी जायची ओढ लागते. गिटारने काहीही बदललेलं नसतं! खालचा सूर बदलला की वरच्या सगळ्यांचा अर्थ बदलतो, आणि हा हक्क मॅकार्टनीने मनसोक्त वापरला. १९६६ मधलं 'रेन' ऐका, मग १९६९ मधलं 'समथिंग' ऐका. 'समथिंग'मध्ये गायकाची एक चाल आहे आणि बेसची दुसरी, आणि दोन्ही एकमेकींच्या पायात येत नाहीत.

आता तुम्ही सांगा.

चौथी_तार
सुंदर सुरुवात. पण मॅकार्टनीपाशी थांबलो तर झरा सोडून नदीबद्दल बोलल्यासारखं होईल. तो स्वतः ज्याचं नाव घेत आला आहे तो माणूस म्हणजे डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. मोटाउन या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतला बेसवादक. रॉकचा नाही, मान्य, पण साठच्या दशकातले ब्रिटिश रॉकवाले मोटाउनच्या रेकॉर्ड घासून घासून ऐकत होते.

जेमरसन मुळात उभा डबल बेस वाजवणारा. इलेक्ट्रिकवर आल्यावरही उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. फेंडर प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि त्या तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. त्याचे सूर ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात, मधल्या रिकाम्या जागांतून तो सटकत जातो, आणि तरीही नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही. रॉकमधला 'गाणारा बेस' म्हणतात तो इथून आला.

आणि एक गोष्ट मला कायम बोचते. मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धत १९७१ पर्यंत नव्हती. जगभरची पोरं त्याच्या चाली कानाने उतरवून घेत होती आणि तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गडगडाट
जेमरसन बाप माणूस, वादच नाही. पण धाग्याचं नाव रॉक आहे, म्हणून मी 'द हू'च्या जॉन एंटविसलचं नाव घेतो आणि जरा सविस्तर लिहितो.

मंद्र यांची कसोटीच लावू. आधी काय होतं? बेस म्हणजे मागचा घुमणारा, गोल, अंधारा आवाज. 'द हू'चं 'माय जनरेशन' १९६५ मध्ये आलं आणि त्यात गिटारच्या सोलोच्या जागी चक्क बेसचा सोलो होता. लोकप्रिय रॉक गाण्यात असं कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं. एंटविसलने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, त्याला त्या सोलोसाठी बारीक तारांचा खणखणीत आवाज हवा होता. म्हणून त्याने डॅनलेक्ट्रो बेस घेतला. तार तुटली. सुट्या तारा मिळत नव्हत्या, म्हणून अख्खा नवा बेस घेतला. त्याचीही तुटली. शेवटी रेकॉर्डिंग फेंडर जॅझ बेसवर झालं.

त्या हट्टातूनच पुढची मोठी गोष्ट घडली. १९६६ मध्ये तो रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि त्यांच्याबरोबर बसून राउंडवाउंड तारांचा संच तयार करून घेतला. फ्लॅटवाउंडमध्ये गाभ्यावर सपाट पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे आवाज मऊ आणि लवकर विझणारा. राउंडवाउंडमध्ये गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखी झणझण येते आणि सूर बराच वेळ टिकतो. आज दुकानातून आणलेल्या बहुतेक रॉक बेसवर जो आवाज असतो तो असा आला. एखाद्याची शैली उचलणं वेगळं आणि त्याच्यामुळे वाद्याच्या तारा बदलणं वेगळं. मला वाटतं प्रभावाचा याहून ढळढळीत पुरावा नाही.

आणि हे सगळं करताना हा माणूस स्टेजवर पुतळ्यासारखा उभा. बाकीचे तिघे उड्या मारताहेत, वाद्यं फोडताहेत, आणि याची फक्त बोटं हलताहेत. ऐकायचंच असेल तर १९७३ मधलं 'द रिअल मी' ऐका. पूर्ण गाणं बेसने ओढून नेलं आहे.

आठ_मात्रा
मी ड्रम वाजवतो, तर त्या बाजूने लिहितो. एंटविसल समजायचा तर 'द हू'चा ड्रमर कीथ मून ऐकायला हवा. मून सरळ ठेका धरतच नाही, सगळीकडे सांडत जातो. अशा वेळी बॅंडला धरून ठेवणार कोण? 'द हू'मध्ये ते काम पीट टाउनशेंडच्या गिटारने केलं. गिटार ठेका देते आणि बेस आघाडीवर धावतो, भूमिकांची सरळ अदलाबदल. म्हणून मला वाटतं बेसवादकाचं मोजमाप एकट्याचं होऊ नये, ड्रमरसकट व्हावं.

माझी आवडती जोडी लेड झेपलिनचा बेसवादक जॉन पॉल जोन्स आणि ड्रमर जॉन बोनम. लेड झेपलिनच्या आधी जोन्स लंडनमधला अतिशय व्यग्र स्टुडिओ वादक आणि अरेंजर होता. दुसऱ्यासाठी जागा कशी सोडायची हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं. 'रॅम्बल ऑन' (१९६९) ऐका. कडव्यात अकूस्टिक गिटारखाली बेस वरच्या सुरांत गात फिरतो आणि जोरकस भाग आला की खाली उतरून बोनमच्या बेस ड्रमला चिकटतो. मी ज्या बेसवाल्यांबरोबर वाजवलं त्यांतल्या ज्यांनी जोन्स नीट ऐकला होता, त्यांच्याबरोबर मला कधीच मोजावं लागलं नाही.

कोरी_पाटी
मी नवीन आहे. तीन महिन्यांपूर्वी बेस शिकायला सुरुवात केली. तुम्ही लिहिता ते वाचून खूप उत्साह येतो, पण मनापासून विचारतो: मला बहुतेक गाण्यांत बेस वेगळा ऐकूच येत नाही. 'रेन' तीनदा लावलं. गाणं आवडलं, पण बेस नेमका कुठला? कान तयार कसा करायचा?

मंद्र
कोरी_पाटी, पहिला प्रश्न: ऐकताय कशावर? बेसच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला साधारण ४१ असते, गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मी. फोनच्या स्पीकरमधून ती जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरचे उपस्वर तेवढे येतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणजे तुम्ही बेस ऐकत नाही, त्याचा अंदाज करता. चांगले हेडफोन लावा, अर्धी लढाई तिथेच जिंकाल.

मग गुणगुणून पाहा. गाणाऱ्याची चाल नाही, खालची. पुन्हा पुन्हा चुकेल, चुकू द्या. ज्या दिवशी एका गाण्याचा बेस तोंडात बसेल, त्या दिवसापासून तो कानाआड जाणार नाही.

'रेन'बद्दल एक गंमत. ते आणि 'पेपरबॅक रायटर' एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू. मोटाउनच्या रेकॉर्डवर बेस एवढा ठसठशीत आणि आपला एवढा मिळमिळीत का, ही बीटल्सची तळमळ होती. 'पेपरबॅक रायटर'साठी जेफ एमरिक या ध्वनिमुद्रकाने बेसच्या अ‍ॅम्पसमोर माइक म्हणून एक मोठा स्पीकरच उलटा जोडून लावला. स्पीकर आणि माइक आतून सारखेच चालतात, फक्त उलट दिशेने, आणि मोठा पडदा खालचे सूर चांगले पकडतो. पुढे 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या (१९६७) वेळी मॅकार्टनी बरेचदा बेस सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवायचा. बाकी गाणं तयार समोर असल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे ठरवता येतं. चौथी_तार, तुमचा जेमरसन इथेही हजर आहे बघा.

लोखंडी
मेटलवाल्यांना कुणी विसरू नका.

गीझर बटलर मुळात ऱ्हिदम गिटारवाला. ब्लॅक सॅबथमध्ये एकच गिटार, टोनी आयोमीची, आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेलेली. आयोमीने पुढे तारा सैल लावायला सुरुवात केली आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त आवाज आणखी खाली गेला. बटलर आयोमीच्या रिफबरोबर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याबरोबर) तंतोतंत चालतो, म्हणून ती रिफ भिंतीसारखी जाड वाटते. आणि आयोमी सोलोला निघाला की बटलर मागे भरभरून वाजवतो, खालची जागा रिकामी पडू देत नाही. पुढचं सगळं जड संगीत या एका युक्तीवर उभं आहे.

स्टीव्ह हॅरिसने १९७५ मध्ये आयर्न मेडन काढला. बॅंडचा मुख्य गीतकार-संगीतकार बेसवादक असणं म्हणजे काय हे तिथे कळतं. घोडा दौडतोय असा तो ठेका, लांब-आखूड-आखूड, तो पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) नाही, बोटांनी वाजवतो. तासभर हा ठेका धरून पाहा, मनगट सांगेल.

आणि क्लिफ बर्टन. मेटॅलिकाच्या पहिल्याच अल्बमवर (१९८३) त्याच्या बेस सोलोचा वेगळा ट्रॅक आहे. 'फॉर हूम द बेल टोल्स'च्या सुरुवातीची ती करकरीत चाल पुष्कळांना गिटार वाटते. तो बेस आहे, डिस्टॉर्शन लावलेला! लहानपणी पियानो शिकलेला, बाख ऐकणारा मुलगा. बॅंडमधल्या बाकीच्यांना स्वरमेळ समजावून देणारा तोच. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याचं 'ओरायन' मी आजही मधला भाग आला की डोळे मिटून ऐकतो.

त्याच्यानंतर आला जेसन न्यूस्टेड, आणि १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी जबरदस्त आहेत. पण बेस नसला की काय होतं हे शिकायचं असेल तर तो अल्बम लावा आणि लगेच मागचा 'मास्टर ऑफ पपेट्स' लावा. सगळं आहे, जमीन नाही.

विराम
सगळ्यांचं वाचतोय आणि एक जाणवतंय. आपण जे भरपूर वाजवतात त्यांचीच नावं घेतोय. मला न वाजवणाऱ्यांबद्दल लिहायचंय.

'फ्री' या बॅंडचं 'ऑल राइट नाऊ', १९७०. कडव्यांत बेस नाही. खरंच नाही. फक्त गिटार, ड्रम आणि गाणं. ध्रुवपदाला बेस आत येतो आणि खोलीत कुणीतरी अचानक दिवा लावल्यासारखं वाटतं. बेसवादक अँडी फ्रेझर, या गाण्याचा सहलेखक, तेव्हा अवघा १७ वर्षांचा. त्या वयात हात आवरायची ही समज!

दुसरा क्वीनचा जॉन डीकन. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) हे त्याचं स्वतःचं गाणं. तीन ठोके, मग पोकळी. ती पोकळी काढा, गाणं संपलं. 'अंडर प्रेशर'ला तर दोनच सूर. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस, टाकून दिलेल्या सर्किटपासून त्याने एक छोटा अ‍ॅम्प बनवला, आणि गिटारवादक ब्रायन मेने तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरला. कुठला भाग कशासाठी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचं वादन वाटतं मला ते. एकही सूर शोभेचा नाही.

यू-टूच्या अ‍ॅडम क्लेटनला लोक 'सोपं वाजवतो' म्हणून बाजूला काढतात. 'विथ ऑर विदाउट यू'मध्ये चार सूर आळीपाळीने जवळजवळ गाणंभर चालतात. वरचं सगळं वादळ त्या चार सुरांच्या न हलण्यामुळे वादळ वाटतं.

लोखंडी
विराम, आदर ठेवून असहमत. सोपं वाजवणं गाण्याला योग्य असेल, पण प्रभाव? क्लेटनमुळे कुणाची वाजवायची पद्धत बदलली? उलट लेमी घ्या. तोही ऱ्हिदम गिटारवरून आलेला. मोटरहेडमध्ये त्याने बेसवर सरळ कॉर्ड वाजवल्या, मार्शलवर बेसचं बटण खाली आणि मधले सूर वर. तीन माणसांच्या बॅंडमध्ये दुसरी गिटार उभी राहिली. त्याआधी असा आवाज नव्हता, नंतर तो सगळीकडे झाला. मंद्र यांची कसोटी हीच होती ना?

विराम
कसोटी बरोबर आहे, पण ती आवाजालाच लावायची का? कितीतरी जण बेसकडे वळले ते 'हे मला जमेल' असं वाटलं म्हणून. माझाच अनुभव तो आहे. 'येस' या बॅंडचं 'राउंडअबाउट' ऐकून मी वाद्य खाली ठेवलं असतं. 'अंडर प्रेशर' ऐकून ते हातात घेतलं. माणूस वाद्यापर्यंत पोहोचणं हाही प्रभाव.

उत्तरा
विराम यांच्या बाजूने अजून थोडं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये जे झालं ते याच वाटेने झालं.

टीना वेमथ टॉकिंग हेड्समध्ये आली आणि बेस त्या बॅंडसाठी शिकली. सवयी नव्हत्याच, त्यामुळे मोडाव्या लागल्या नाहीत. 'वन्स इन अ लाइफटाइम'ची (१९८०) बेसलाइन किती थोड्या सुरांची आहे, आणि बाकी सगळा गोंधळ तिच्याभोवती कसा फिरतो ते ऐका.

जॉय डिव्हिजनचा पीटर हुक सांगतो की त्याचा अ‍ॅम्प इतका सुमार होता की खालच्या तारा गिटारच्या आवाजात बुडून जायच्या. स्वतःला ऐकू यावं म्हणून तो वरच्या तारांवर, बेसच्या मानेवर पार पुढे वाजवायला लागला. आणि त्यामुळे गाण्याची मुख्य चाल बेसकडे आली. 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' (१९८०) आठवा, डोक्यात राहते ती चाल बेसची. नंतरच्या किती बॅंडनी हा मार्ग धरला! अडचणीतून निघालेला आवाज एका अख्ख्या काळाची ओळख झाला.

पिक्सीजची किम डीलसुद्धा गिटारवरूनच बेसवर आली. 'जायगँटिक'चा (१९८८) तो निवांत, सरळ बेस आणि त्यावर तिचा आवाज मला फार जवळचा आहे, त्याला याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणि कॅरोल के. लॉस एंजेलिसची स्टुडिओ वादक, गिटारवाली. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवादक आलाच नाही आणि ती त्या खुर्चीवर बसली. पिकने वाजवायची, आवाज टोकदार आणि नेमका. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'च्या (१९६६) सत्रांत तिचा बेस आहे, आणि त्या अल्बममधल्या बेसने आपल्यावर केवढा परिणाम केला हे मॅकार्टनीने सांगितलं आहे.

चौथी_तार
उत्तराताई, कॅरोल केबद्दल मनापासून आभार, माझ्याकडून ते नाव सुटलंच होतं.

स्लॅपबद्दल, म्हणजे तारा ठोकून-ओढून वाजवण्याबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत असताना साथीला ड्रमर नव्हता. म्हणून अंगठ्याने ठोकून बेस ड्रमची जागा भरली आणि बोटाने तार ओढून सोडत स्नेअर ड्रमची. स्लाय अँड द फॅमिली स्टोनमधून ते जगाने ऐकलं. रेड हॉट चिली पेपर्सच्या फ्लीपर्यंत ती रेष सरळ येते, आणि फ्लीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे १९९१ च्या 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक'मध्ये त्याने स्लॅप मुद्दाम कमी केला.

गडगडाट
'येस'चा ख्रिस स्क्वायर राहिला. विराम, तुम्ही 'राउंडअबाउट'चा (१९७१) उल्लेख केलात म्हणून. रिकनबॅकर बेस, राउंडवाउंड तारा, पिक, आणि ट्रेबल इतका की प्रत्येक सुराला धार. त्याने एंटविसलला मानलं. गेडी लीने स्क्वायरला आणि एंटविसलला मानलं. आणि रशमध्ये तो बेस वाजवता वाजवता गायचा, वर कीबोर्ड आणि पायाने पेडल. प्रायमसच्या लेस क्लेपूलने गेडी लीला मानलं. हॅरिसने स्क्वायर आणि एंटविसल दोघांना, आणि विराम, तुमच्या अँडी फ्रेझरलाही. क्लिफ बर्टनच्या यादीत गेडी ली, बटलर आणि लेमी.

लोखंडी
हॅरिसच्या यादीत फ्रेझर? हे लक्षात नव्हतं. मग विराम, माझा मुद्दा थोडा मागे घेतो. आज 'ऑल राइट नाऊ' पुन्हा ऐकतो.

मंद्र
ही वंशावळ वाचून मी वही काढली आणि बाण काढत बसले. सगळ्यात जास्त बाण एंटविसलपासून निघतात आणि मॅकार्टनीकडे येणारे बाण जेमरसन आणि कॅरोल केकडून येतात. माझं पहिलं पान मी आता वेगळं लिहिलं असतं. जॅक ब्रूसलाही आपण विसरलो. चेलो शिकलेला, क्रीममध्ये एरिक क्लॅप्टनच्या गिटारशी वाद घालत वाजवणारा. बटलर त्याच्याकडे पाहून बेस शिकला.

कोरी_पाटी, जमलं का काही?

कोरी_पाटी
जमलं! हेडफोन लावून 'रेन' ऐकलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत गुणगुणता येतंय. इतके दिवस तो बेस तिथे होता आणि मी त्याच्यावरून चालत होतो.

अजून एक. आम्ही चौघे मित्र मिळून वाजवतो. विराम यांचं वाचून काल सरावात मी एका गाण्याच्या पहिल्या कडव्याला तारांवर हात ठेवून नुसता उभा राहिलो. ड्रमरने दोनदा मान वर करून पाहिलं, त्याला वाटलं माझी वायर निघाली. ध्रुवपदाला मी आत आलो तेव्हा तो हसला आणि जोरात वाजवायला लागला. गाणं संपल्यावर गायक म्हणाला, "परत तसंच कर."